पाव इंचाची गोष्ट

या सदराचे जुने वाचक मला ओळखतात ते गळक्या नळांमुळे. मिक्सरची कुरकुर, पंख्याची थरथर, न्हाणीघरातली टिपटिप असल्या घरगुती दुखण्यांवर मी इथे लिहितो आणि वाचकांची पत्रे येतात तीही तसलीच. दिवाळी अंकात जरा पाय पसरायला जागा मिळते, म्हणून या खेपेस सातासमुद्रापलीकडच्या एका गळतीची हकीगत सांगणार आहे. ती 2019 सालच्या ऑक्टोबरातली आहे. गळती माझ्याच हातून झाली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मागाहून आमच्या घरची मंडळी सांगतीलच.

आमचे चिरंजीव आणि सूनबाई तेव्हा अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरी राहत होते. सूनबाईला त्याच राज्यात फ्लॅगस्टाफला नोकरी लागली आणि बिऱ्हाड हलवायचे ठरले. आता बिऱ्हाड हलवायचे म्हणजे टेम्पो बोलवायचा आणि 'कपाट सांभाळून हो' असे ओरडत जिन्यात उभे राहायचे, एवढेच आपल्याला ठाऊक. तिकडे हमालीचा दर ऐकला की माणूस आपण होऊन पलंग उचलतो. या दोघांकडे 1998 सालची एक जुनी पिकअप होती. पुढे मोटार आणि मागे उघडा हौदा, अशी ती गाडी. तिच्यामागे भाड्याचा ट्रेलर जोडायचा, त्यात संसार भरायचा आणि निघायचे, असा बेत होता. आम्ही उभयता दिवाळीसाठी जाणारच होतो. बिऱ्हाडाच्या गडबडीत आम्हीही सापडलो.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी सूनबाईचा फोन आला. "बाबा, गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल फार तापतंय. मी वेगळा कूलर आणलाय. पाव इंची फिटिंग जमवायची आहेत, ती मिळाली की बसवीन. तुम्ही येताना काही आणू नका हं."

यातले 'काही आणू नका' हे आमच्या हिने ऐकले नाही आणि मी 'पाव इंची' एवढेच ऐकले. हिने भाजणी, मेतकूट आणि दोन किलो चकलीचे पीठ बांधले. मी दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत जाऊन पितळेची डझनभर पाव इंची होज निपले घेऊन आलो. होज निपल म्हणजे एका टोकाला आटे, आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळी चढवायला खाचा. माल सुरेख होता. अमेरिकेत हे डॉलरला मिळते, आपल्याकडे रुपयांत, असा हिशेब करून मी ती पुरचुंडी पायमोज्यांत दडवली.

आमच्या सूनबाईविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ती कोल्हापूरची. तिच्या वडिलांचे उद्यमनगरात लेथचे लहानसे वर्कशॉप होते आणि शाळा सुटली की ही तिथेच जाऊन बसे. त्यामुळे हातात पाना धरण्याची तिला लाज नाही आणि भीतीही नाही. चिरंजीवांचे उलट. टायर बदलायचा म्हटले तरी ते आधी त्या विषयावर वाचन करतात. मी स्वतः चौतीस वर्षे चिंचवडला टूलरूममध्ये काढली आहेत, तेव्हा सासरा आणि सून यांचे एका बाबतीत तरी चांगले जमते. चिरंजीव चहा करतात.

तेल तापते म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडच्या पुष्कळ घरांत अजून हातानेच गिअर टाकायची मोटार आहे. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचा पाय नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागेल. डब्यातही हेच चालते, वाऱ्याच्या जागी तेल असते इतकेच. पण पहिला पंखा जितका फिरतो तितका दुसरा फिरत नाही, आणि मधली जी तूट पडते तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर ती थोडी असते. मागे ट्रेलर, समोर चढ आणि गाडी रेंगाळत चाललेली असली, की सगळा घाम तेलाला फुटतो.

तेल थंड करायला सोय असतेच. रेडिएटरच्या एका बाजूच्या टाकीत एक नळी बुडवलेली असते, तीतून गिअरबॉक्सचे तेल फिरून परत जाते. पण रेडिएटरचे पाणीच नव्वद अंशांच्या घरात. त्यात तेल थंड करणे म्हणजे उकळते वरण गरम आमटीत धरून निववण्यासारखे आहे. हे तेल साधारण ऐंशी अंश सेल्सिअसला सुखात असते. पुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा तिकडच्या मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. तेल करपले की आतली रबरी सीले ताठ होतात, क्लचच्या चकत्या घसरू लागतात, आणि नवा गिअरबॉक्स काही हजार डॉलरांना पडतो. जुन्या पिकअपची किंमतही तेवढीच असते.

आणि चढ कसला! फीनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे 330 मीटरवर आहे, फ्लॅगस्टाफ 2,100 मीटरवर. अंतर सुमारे 230 किलोमीटर. आपण खोपोलीहून खंडाळ्याला चढतो ते पाचशे मीटरच्या आतबाहेर. तेवढ्यावरसुद्धा माझ्या लहानपणी बोरघाटात दर वळणावर एखादी फियाट बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी असायची आणि तिच्यातली मंडळी कडेच्या दगडावर बसून दशम्या खात असायची. इथे तसे तीनचार घाट, तेही वाळवंटात, आणि गाडीत सात वर्षांचा नातू. सूनबाईने रिकामी गाडी घेऊन जवळच्याच एका चढावर पाहिले होते. डॅशबोर्डखालच्या खाचेत एक लहान यंत्र बसवले की तेलाचा पारा फोनवर दिसतो. तो 220 दाखवत होता. फॅरेनहाइटमध्ये, म्हणजे आपले 104. ट्रेलर जोडण्याआधीच!

उपाय असा, की रेडिएटरच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडावर, तेलासाठी दुसरा एक छोटा रेडिएटर बांधायचा. हा बाजारात निराळा विकत मिळतो, शंभर डॉलरांच्या आत. तेल आधी जुन्या रेडिएटरमधून जायचे, मग या नव्या कूलरमधून, आणि मग गिअरबॉक्सकडे परत. मी म्हटले, "अगं, जुन्याला फाटाच दे ना. मुळात गरम पाण्यात नेताच कशाला?" ती म्हणाली, "बाबा, फ्लॅगस्टाफला थंडीत बर्फ पडतं. गारठलेलं तेल घट्ट होतं. तेव्हा हेच पाणी त्याला ऊब देतं." मी गप्प बसलो. पहिल्याच दिवशी एक गुण तिचा.

कूलर बांधणे हे काम अर्ध्या तासाचे. खरे काम पुढे असते, ते नळ्या जोडण्याचे. गाडीच्या मूळच्या नळ्या पोलादी, 5/16 इंची. तिच्या टोकाला जे नट होते त्याचे आटे अर्ध्या इंचाचे. कूलरला जोडायची रबरी नळी 3/8 इंची. आणि या दोघांचे लग्न लावणारे मधले पितळी अडॉप्टर पाव इंची. हे पाव इंच पट्टीने मोजले तर अर्ध्या इंचाहून थोडे जास्तच भरते! यात फसवणूक नाही. नळाचे माप पूर्वी आतल्या भोकावरून देत, लोखंड पुढे पातळ झाले, माप तसेच राहिले. वाचकांनी आपल्या घरातला अर्धा इंची नळ काढून आटे बाहेरून मोजावेत; ते पाऊण इंचाच्या पुढे जातील. मात्र आधी वरचा कॉक बंद करावा. मागे एका वाचकांनी तो केला नव्हता.

पोलादी नळीचा जोड मला फार आवडला. नळीचे तोंड धोत्र्याच्या फुलासारखे बाहेर फुलवलेले असते आणि नट ते फूल पितळी बैठकीवर दाबून धरते. धातूवर धातू बसतो; तिथे टेप, सफेदा, सूत काही लागत नाही, लावूच नये. पण या फुलाचा कोनही दोन प्रकारचा. मोटारीच्या नळ्यांना 45 अंशांचा, आणि हायड्रॉलिक यंत्रांच्या नळ्यांना 37 अंशांचा. दुकानात दोन्ही शेजारच्या कप्प्यांत ठेवलेले. दिसायला जुळी भावंडे. एकाचे नट दुसऱ्यावर चढले, तर घट्ट झाल्यासारखे वाटते आणि पाझरत राहते.

जाणारी नळी कुठली आणि परतीची कुठली, हे शोधण्याची सूनबाईची युक्तीही पाहण्यासारखी होती. रेडिएटरपाशी एक जोड सोडवला, खाली घमेले धरले, चिरंजीवांना इंजिन दोन क्षण चालवायला सांगितले. सोडवलेल्या नळीतून तेल आले तर ती गिअरबॉक्सकडून येणारी. रेडिएटरच्या भोकातून आले तर तो परतीचा रस्ता. तेल आले ते रेडिएटरमधून. हे तेल लालभडक असते, मुद्दाम रंग घातलेला. इंजिनाच्या तेलापासून ते निराळे ओळखू यावे म्हणून. आमची ही दारात उभी होती, ती एकदम म्हणाली, "अगोबाई, कुंकू!"

दुपारपर्यंत सगळे जमत आले होते. एकच तुकडा चुकीचा निघाला. दुकानदाराने पाव इंची आट्यांचे होज निपल दिले होते, पण खाचांची बाजू 5/16 रबरी नळीची. आम्हाला हवी 3/8 ची. सूनबाई म्हणाली, "मी मुलाला शाळेतून घेऊन येते, येताना दुकानात जाऊन बदलून आणते. तोवर तुम्ही पडा जरा."

पडतो कसला! मी पायमोज्यांतली पुरचुंडी काढली. पाव इंची आटे, 3/8 ची खाच. जणू या जागेसाठीच बोहरी आळीतून आले होते. निपल हाताने फिरवले, छान आत गेले. मग पाना लावला. चौथ्या आट्यापाशी ते एकदम ताठ झाले. मी मनाशी म्हटले, बसले. खात्रीसाठी पुन्हा काढून आपल्या पद्धतीने आठ वेढे टेप गुंडाळली आणि नेट लावून कसले. नळी चढवली, क्लिपा आवळल्या, हात पुसले आणि चहा मागितला.

सूनबाई नवीन निपल घेऊन आली तेव्हा काम झालेले पाहून थबकली. वाकून बघितले. "बाबा, किती आटे गेले?"

"चार."

"टेप लावलीत?"

"थोडी."

ती काही बोलली नाही. तेल भरले, इंजिन दहा मिनिटे चालवले, सगळे कोरडे. संध्याकाळी गावात एक चक्कर मारून आलो, तरी कोरडे. मी नातवाला सांगितले, "बघ, पुण्याचा माल." रात्री झोपण्याआधी सूनबाईने खोक्याचा एक मोठा पुठ्ठा फाडला आणि गाडीखाली सरकवून ठेवला.

सकाळी सगळ्यांत आधी नातू उठला. त्याने मला हाताला धरून बाहेर नेले. पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक लाल डाग होता. नातवाने त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढून शेजारी तारीखही घातली होती. मी खाली वाकलो. त्या पुण्याच्या निपलाच्या गळ्याशी दुसरा थेंब लोंबत होता.

इथे थोडे मागे जायला हवे. स्क्रूच्या आट्यांना पहिली शिस्त लावली ती 1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने. त्याच्या आट्याचा कोन 55 अंश. अमेरिकेत 1864 साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने आपला आटा मांडला. त्याचा कोन 60 अंश, कारण समभुज त्रिकोणाचा कोन कारागिराला काढायला आणि तपासायला सोपा. दोघेही शहाणे, आणि दोघांच्या शहाणपणाची किंमत जग अजून भरते आहे. 1904 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून आगीचे बंब धावून आले. पण त्यांच्या पाइपांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना लागेनात. पंधराशेच्या आसपास इमारती गेल्या. तिथे तर एकाच देशातल्या शहरांची ही तऱ्हा! दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी आणि अमेरिकन यंत्रांचे स्क्रू एकमेकांना लागत नाहीत हे फार जाचले, तेव्हा 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र बसून स्क्रूंचा एक आटा ठरवला. नळांचे आटे मात्र त्या समझोत्याबाहेर राहिले. ते आजही दोन आहेत. आपल्याकडे इंग्रजांचा नळ आला, त्यांच्याकडे त्यांचा.

आता गंमत अशी की अर्ध्या इंचाच्या नळाला दोघांचेही आटे इंचाला 14. म्हणून सूनबाईने मागे पुण्याच्या न्हाणीघरासाठी अमेरिकेतून आणलेला झारीचा नळ आमच्या भिंतीतल्या पाइपावर चढला. टिपकत होता, पण चढला, आणि भरपूर टेप लावल्यावर थांबलाही. तोच अनुभव गाठीशी बांधून मी निर्धास्त होतो. पाव इंचाला मात्र त्यांचे आटे इंचाला 18 आणि आपले 19. एका आट्यामागे फरक पडतो तो सुमारे 0.07 मिलिमीटरचा, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढा. शिवाय आपले निपल त्यांच्याहून किंचित बारीक, म्हणून सुरुवातीला ते लोण्यासारखे आत जाते. मग एक केस, दोन केस, तीन केस अशी तूट साचत जाते, आणि चौथ्या आट्याला जे ताठ होते ते बसल्यामुळे नव्हे, अडकल्यामुळे. हाताला दोन्ही सारखेच लागते. गार असेपर्यंत टेपने तेल धरले. तापून पितळ फुगले आणि पुन्हा निवले, तशी वाट सापडली.

मुळीच न लागणारे निपल असते, तर मी ते दोन मिनिटांत बाजूला ठेवले असते.

सूनबाई बाहेर आली. तिच्या हातात आट्यांचा गेज होता, चाकूसारखी दातेरी पाती असलेला. तसला गेज चौतीस वर्षे माझ्या शर्टाच्या खिशात असे. नव्या पोराने मोजल्याशिवाय काही जोडले की मी त्याला अख्ख्या टूलरूमसमोर झापत असे. तिने निपल सोडवले. 18 चे पाते त्यावर धरले. दात आणि आटे यांच्यामधून उजेड दिसला. 19 चे धरले; उजेड बंद. तिने ते मला दाखवले, पण माझ्याकडे पाहिले नाही.

त्याहून वाईट पुढे होते. निपलाच्या तोंडातून माझ्या टेपची एक चिंधी आत लोंबत होती. शेवईएवढी, टोकाला कुरतडलेली. जोड परतीच्या नळीवरचा. म्हणजे ती चिंधी तुटती तर तेलाबरोबर थेट गिअरबॉक्सच्या पोटात जाती. तिथे तेलाच्या वाटा काडीएवढ्या अरुंद असतात, आणि त्यांतल्या एकीत टेपचा तुकडा अडकला की गिअर वेळेवर पडत नाही. ट्रेलरसकट चढावर, सात वर्षांचे पोर गाडीत असताना. दुकानातल्या म्हाताऱ्याने मला बजावलेही होते, की गिअरबॉक्सच्या तेलाला टेप नको, बाटलीतले लावायचे सीलंट वापरा, तेही पहिले दोन आटे सोडून. मी मान डोलावली होती. म्हातारा माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल.

कुरतडलेल्या टोकाचा तुकडा आधीच आत गेला होता का? सूनबाईने पोलादी नळी गिअरबॉक्सपाशी सोडवली, हवेच्या पंपाने ती उलटी फुंकली आणि दुसऱ्या टोकाशी जुनी पांढरी चादर धरली. मग नळी धुऊन पुन्हा फुंकली. मग रबरी नळीही. चादरीवर लाल शिंतोडे तेवढे आले. आम्ही दोघांनी उन्हात ती चादर बोटाबोटाने तपासली. काही सापडले नाही. मग गिअरबॉक्सकडे जाणारी वाट बंद ठेवून, कूलरमधून येणारे तेल तिने बादलीत घेतले आणि तेही गाळून पाहिले. माझी छाती तेव्हा कुठे जागेवर आली. पुरती आली ती फ्लॅगस्टाफला.

काम चालू असताना, डोके बॉनेटखालीच ठेवून, ती म्हणाली, "बाबा, काल चार आटे म्हणालात तेव्हाच मला शंका आली होती. आमच्याकडे कोणी पोरगं असतं तर मी लगेच काढायला लावलं असतं. तुम्हाला कसं म्हणायचं म्हणून गप्प बसले. पुठ्ठा घातला, आणि रात्रभर झोप नाही लागली."

मी तिला म्हटले, "अगं, तू मला बोलली असतीस तर मला राग आला असता, हे खरं आहे. पण तो रात्रीपर्यंत गेला असता."

"तसं काही नाही हो बाबा," ती म्हणाली, पण हसली.

नवे निपल तिने माझ्याकडे दिले. मी ते गेजला लावून पाहिले. 18. आटे पुसले, पहिले दोन सोडून सीलंट लावले, हाताने घट्ट होईपर्यंत फिरवले, आणि मग पान्याने दीड वेढा. हे आटे निमुळते असतात, सोळा इंचांत एक इंच. त्या निमुळतेपणानेच जोड आवळतो, दंडाच्या जोराने नव्हे. जास्त कसले तर पितळी बायकी बाजू उभी चिरते. पाच आटे गेले. सूनबाईने विचारायच्या आधी मी सांगितले.

दुसऱ्या रात्री पुठ्ठा पुन्हा गाडीखाली गेला, उलटा करून. सकाळी नातवाची पेन्सिल तशीच हातात राहिली.

निघालो ते पहाटे, ऊन चढायच्या आत. चिरंजीव गाडी चालवत होते, सूनबाई शेजारी, मागे आम्ही उभयता आणि मध्ये नातू. तेलाचा पारा दाखवणारा फोन सूनबाईने माझ्या हातात दिला. "बाबा, आकडा वाचत राहा." ब्लॅक कॅनियन सिटी नावाचे एक लहान गाव येते, नावात सिटी आहे, इतकेच. तिथून सनसेट पॉइंटपर्यंत रस्ता जो चढू लागतो तो थांबतच नाही. दोन्ही बाजूंना माणसासारखे हात वर केलेले उंच निवडुंग. मी मोठ्याने आकडे वाचीत होतो, लेले गुरुजी पाढे म्हणून घेत तसे. 176, 181, 185. आमची ही जपमाळ ओढत होती. 194 झाले, 198 झाले. तिथे आकडा थांबला. म्हणजे 92 अंश, तेही ट्रेलरसकट. मागे रिकाम्या गाडीने 220 दाखवले होते.

सनसेट पॉइंटला गाड्या थांबवायला मोठी जागा आहे. लोक दरीचे फोटो काढत होते. आम्ही सासरा-सून गाडीखाली आडवे झालो आणि विजेरी लावून जोड पाहिले. बोट फिरवले. कोरडे. तिकडे कॅम्प व्हर्डीपाशी रस्ता पुन्हा खोल उतरतो आणि मग दुसरा चढ लागतो. चढलेले सगळे सोडून द्यायचे आणि पुन्हा कमवायचे, असा हा रस्ता. दुसऱ्या चढाला निवडुंग गेले आणि पाइनची झाडे आली. हिने शाल काढली. फ्लॅगस्टाफला पोचलो तेव्हा पारा 187 होता आणि गिअरबॉक्सने एकदाही कुरकुर केली नव्हती. टेपचा तुकडा आत नव्हता, असे मी तेव्हा धरले.

नव्या घरी दिवाळी झाली. चकल्या अमेरिकन मैद्याच्या पिठात मिसळून वाया गेल्या नाहीत, कारण पीठ पुण्याचे होते. त्या बाबतीत हिचा हिशेब बरोबर निघाला. 

परत येताना विमानतळावर सूनबाईने माझ्या हातात एक लहान पुरचुंडी दिली. आत उरलेली अकरा निपले होती आणि ते चेपलेले बारावे. वर चिठ्ठी चिकटवलेली: 'बाबा. पुणे. इंचाला 19.' खाली नातवाच्या अक्षरात, पेन्सिलीने: 'इथे लावू नये.'

त्यांतले एक निपल मी परवाच आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला त्याच्या कॉम्प्रेसरसाठी दिले. आधी गेज लावून पाहिला. तो हसला, पण थांबला. पाच आटे गेले.